बॉक्स उतरवावा लागंल!

सातारा-सांगली पट्ट्यात रस्त्याच्या कडेला गाडीचं बॉनेट उघडलं, की ती गाडी तुमची राहत नाही, गावकीची होते. पहिला माणूस येतो तो "काय झालंय?" असं विचारत नाही, "प्लगात कचरा असनार" असं सांगतच येतो. दुसरा येतो तो पहिल्याचं खोडून काढतो. तिसरा उसाच्या ट्रॅक्टरवरून उतरतो, एक अक्षर न बोलता आत हात घालतो आणि हाताला जे लागेल ते हलवून बघतो. चौथा लांबूनच ओरडतो, "आरं, रेडिएटरचं टोपण उघडू नगा!" आणि हे वाक्य कानावर पडायच्या आत पाचव्यानं ते उघडलेलं असतं.

हा आत्मविश्वास आभाळातून पडलेला नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना काढला, तीच आजची किर्लोस्करवाडी. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला दोन वर्षं कोणी घेईना, कारण लोखंडाच्या फाळानं जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पुढं ती समजूत गेली आणि जाताना यंत्राची सगळीच भीती बरोबर घेऊन गेली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात नांगर झाले, ऑइल इंजिनं झाली. हेच कूपरसाहेब १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. तेव्हा इलाख्याच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. म्हणजे नांगर आणि सरकार, दोन्ही चालवून बघितलेला माणूस साताऱ्याचा. सांगलीत १९४७ साली इंजिनियरिंग कॉलेज निघालं, त्याला पुढं वालचंद हिराचंदांचं नाव मिळालं. आणि वालचंद म्हणजे प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढून या देशात मोटारी जुळवणारे. अशा मुलखात ज्याच्या घरात दहा-अकराचा एक पाना आहे, तो स्वतःला निम्मा इंजिनियर समजतो. ज्याच्याकडं पानाही नाही, तो पूर्ण.

दोन्ही गावांचा गाडीच्या बाबतीतला स्वभाव मात्र वेगळा. सातारकराचं ड्रायव्हिंगचं शिक्षण डोंगरात झालेलं. पुण्याकडं जावं तर खंबाटकी, पाचगणीकडं जावं तर पसरणी, कासला जावं तर यवतेश्वर. त्यामुळं त्याच्या लेखी गाडीची परीक्षा एकच, ओढ. आणि ओढ म्हणजे खालचा गिअर. ज्या गिअरात घाट चढला त्याच गिअरात उतरायचा, हे सातारकर पोराला सायकलवर असतानाच सांगून ठेवतो. सांगलीकराला घाट माहीत आहे तो कृष्णेचा, तिथं पायऱ्या असतात. बाकी सगळी काळी सपाट जमीन आणि नाकासमोरचा रस्ता. त्यानं वरचा गिअर एकदा टाकला की तो जेवणाच्या वेळेलाच काढायचा.

ओव्हरड्राइव्ह ही अशा सपाटीवर पळणाऱ्या माणसाच्या कामाची वस्तू. आणि ती होती साताऱ्यात, आमच्या मामांकडं.

मामा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. फंडाचे पैसे हातात आल्यावर लोक फ्लॅट घेतात, चारधाम करतात. मामांनी एका जुन्या डॉक्टरांच्या घराण्यातली स्टँडर्ड व्हॅनगार्ड घेतली, पन्नाशीच्या दशकातली. दुसरं महायुद्ध संपल्यावर इंग्लंडात ही गाडी निघाली, आपल्याकडं मद्रासला तिची जुळवणी होत असे. तिचं नाव ब्रिटिश आरमाराच्या एचएमएस व्हॅनगार्ड या लढाऊ जहाजावरून ठेवलेलं. ते जहाज १९६० साली भंगारात गेलं. हा दाखला मामी अधूनमधून देतात. "एवढं राजाचं जहाज त्यांनी मोडीत काढलं, त्यास्नी काय कळत न्हवतं?" असा त्यांचा सवाल असतो. मामांचं उत्तर ठरलेलं, "जहाजाला ओव्हरड्राइव्ह नव्हता."

ओव्हरड्राइव्ह म्हणजे गिअरबॉक्सच्या मागं जोडलेली आणखी एक लहानशी पेटी. व्हॅनगार्डला पुढचे गिअर तीनच. तिसऱ्या गिअरात इंजिन जेवढे फेरे मारतं तेवढेच मागं जाणारा शाफ्ट मारतो. ओव्हरड्राइव्ह लागला, की शाफ्ट तेवढाच फिरतो, पण इंजिनाला ढोबळमानानं पाचातला एक फेरा माफ होतो. आवाज उतरतो, पेट्रोल वाचतं, इंजिनाचं आयुष्य वाढतं. हल्लीच्या गाड्यांतला पाचवा गिअर हेच काम करतो, फक्त त्याचं कोणाला कौतुक नाही. कॅप्टन डी नॉर्मनविल नावाच्या इंग्रज इंजिनियरनं ही पेटी काढली, शेफिल्डच्या लेकॉक कंपनीनं ती बनवली, आणि १९५०च्या सुमारास व्हॅनगार्डला ती जादा पैसे भरून मिळू लागली. पुढं जग्वार, ट्रायम्फ, व्होल्व्हो अशा बड्या घरांतही ती नांदली. आमच्या गाडीच्या मूळ डॉक्टरांनी ते जादा पैसे भरले होते.

पेटीच्या आत मधोमध एक सन गिअर, त्याभोवती फिरणारे प्लॅनेट गिअर आणि सगळ्यांच्या बाहेरून एक दातेरी कडं. आत सूर्य आणि ग्रह आहेत हे कळल्यावर मामींनी पंचांग आणून मामांच्या पुढ्यात ठेवलं, ते सोडा. गिअरबॉक्सच्या तेलावरच चालणारा एक छोटा पंप चौरस इंचाला चारशे-पाचशे पौंडांचा दाब तयार करून ठेवतो. ड्रायव्हरनं खटका दाबला, की सोलेनॉइड नावाचं विजेचं डबडं एक लिव्हर उचलतं, लिव्हर एक झडप उचलतो, दाबाखालचं तेल पिस्टनांना ढकलतं, पिस्टन कोनाच्या आकाराचा क्लच सरकवतात आणि तो सूर्याला जागच्या जागी धरतो. सूर्य थांबला, की बाहेरचं कडं इंजिनापेक्षा जास्त वेगानं फिरायला लागतं. यात झडप किती उचलायची? इंचाचा बत्तिसावा भाग. मामांचा जन्म कालव्यावर गेलेला, त्यांना हे एका दमात कळलं. कालव्याचं गेट वीतभर उचललं, की शेवटच्या शेतकऱ्याची बोंब ऑफिसात ऐकू येते. तसंच हे, म्हणाले.

बिघाड म्हणाल तर अगदी साधा. खटका दाबला की खालून बारीकसा "टक्" असा आवाज यायचा आणि पुढं काहीच व्हायचं नाही. इंजिन आपलं घोंगावत राहायचं. पाटबंधारे खात्याशी संबंध आलेल्या कोणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल: अर्ज पोचल्याचा शिक्का मिळतो, पाणी येत नाही.

मामांकडं गाडीचं इंग्रजी मॅन्युअल होतं. त्यात तपासणीचा क्रम छापलेला. पहिलं, तेलाची पातळी बघा. दुसरं, फ्यूज, खटके, वायरी आणि सोलेनॉइड बघा. तिसरं, लिव्हरचं सेटिंग तपासा. चौथं, झडप साफ करा. पाचवं, दाब मोजा. एवढं सगळं करूनही भागलं नाही, तरच पेटी खोला. इंग्रज माणसाला सहाव्या पायरीशिवाय पाना हातात घ्यायला लाज वाटते, असा माझा त्यावरून समज झाला.

आपल्याकडं सुरुवातच सहाव्या पायरीवरून होते.

साताऱ्यातले पहिले मिस्त्री आले, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, टायरला लाथ मारली (टायरचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता) आणि निकाल दिला, "मामा, बॉक्स उतरवावा लागंल."

"अहो, पण तुम्ही खाली वाकून बघितलंसुद्धा नाही."

"वाकून काय बघायचं त्यात? आवाजावरनं कळतंय की."

गाडी तेव्हा बंद होती.

बॉक्स उतरवणं या शब्दांत काय जादू आहे, हे समजून घेतलं पाहिजे. वायर घट्ट करणं हे काम नव्हे. ते पोरगंही करतं. बॉक्स उतरवायचा म्हणजे गाडी ठोकळ्यांवर चढणार, चार माणसं लागणार, जॅक, साखळी, "धर, धर, सोड, आरं सोड की!" असा पुकारा होणार, आणि रस्त्यावर बघ्यांची रांग लागणार. मिस्त्रीची इभ्रत त्यात आहे. आणि नुसतं मिस्त्रीलाच कशाला बोल लावा? गिऱ्हाइकालाही दुखणं मोठंच हवं असतं. "अहो, सगळा बॉक्स खाली घेतला, आठवडाभर गाडी आडवी होती," हे राजवाड्यासमोरच्या कट्ट्यावर रंगवून सांगता येतं. "एक वायर ढिली होती" हे सांगून कट्ट्यावर चहासुद्धा कोणी पाजत नाही.

मामांनी बॉक्स उतरवू दिला नाही. त्यामुळं दुसरे मिस्त्री आले ते ट्रॅक्टरचे. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "ह्ये तर फर्गुसनचं इंजिन हाय!" इथं मला वाटलं की आता संपलं. पण गंमत अशी, की ते शंभर टक्के खरं बोलत होते. त्या काळचा राखाडी रंगाचा छोटा फर्ग्युसन ट्रॅक्टर आणि व्हॅनगार्ड मोटार या दोघांनाही स्टँडर्ड कंपनीच्या एकाच घराण्यातलं इंजिन होतं. एक भाऊ शेतात, एक भाऊ बंगल्यात. एवढंच नव्हे, मद्रासच्या कंपनीनं १९८५ साली स्टँडर्ड २००० नावाची दिमाखदार गाडी काढली, तिच्या नव्या कोऱ्या बॉडीतही याच म्हाताऱ्या इंजिनाचा वंशज बसवला होता. मिस्त्रींनी इंजिनाच्या पाठीवर थाप मारली. ओळख पटल्याचा आनंद त्यांना एवढा झाला, की गाडी ट्रॅक्टरच आहे असं धरून ते पुढच्या कामाला लागले. गिअरबॉक्समधलं तेल काढलं, ट्रॅक्टरच्या हिशेबानं दाट नव्वद नंबरचं घातलं, आणि वर आवाज कमी व्हावा म्हणून गुळगुळीतपणा वाढवणाऱ्या औषधाची एक बाटली ओतली. "आता बगा, लोण्यावानी चालंल."

मॅन्युअलात तीस नंबरचं इंजिन ऑइल लिहिलं होतं, आणि घर्षण कमी करणारं कसलंही जादा रसायन घालू नये अशी स्पष्ट ताकीद होती. कारण उघड आहे: क्लचचं सगळं काम घर्षणावर चालतं. तिथं गुळगुळीतपणा वाढवायचा म्हणजे क्लचच्या पोटावर पाय. मामांनी हे वाचून दाखवेपर्यंत बाटली रिकामी झाली होती.

तिसरा आला तो वायरमन. त्यानं बॅटरी बघितली आणि दोन पावलं मागं सरला. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असे, आज असतं त्याच्या बरोबर उलट. "मामा, कुणी लावलंय ह्ये? गाडी पेटंल की!" गाडी सत्तरएक वर्षं पेटली नव्हती, हे मामांनी त्याला नम्रपणे सांगितलं. तो ऐकेना. टोकं बदलूनच देतो म्हणाला, पैसेसुद्धा नको म्हणाला. मग मामा बॅटरीवर पंजा ठेवून उभे राहिले आणि वायरमन निघून गेला. सोलेनॉइडची वायर, जी बघायला त्याला बोलावलं होतं, ती तशीच राहिली.

चौथा मात्र कलाकार होता. तो सरळ गाडीखाली गेला, दोन मिनिटांत बाहेर आला आणि म्हणाला, "खटका, सोलेनाइड, सगळी कटकटच काढून टाकली. लिव्हर वर उचलून बायंडिंगच्या तारंनं आवळलाय. आता तुमचा ओडी कायमचा चालू." मामांनी गाडी काढली, आणि खरोखर ओव्हरड्राइव्ह लागला! थोडा घसरत, थोडा कुरकुरत, पण लागला. इंजिनाचा आवाज खाली आला. मामांनी त्या आनंदात गाडी हायवेला न नेता, चार ओळखीच्यांना दाखवावी म्हणून पेठेत घातली.

साताऱ्याच्या पेठा ज्यांनी बघितल्या आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. एका बोळाच्या मध्यावर समोरून दुधाचा टेम्पो आला. टेम्पोच्या मागं दोन रिक्षा, रिक्षांच्या मागं एक म्हैस.

"मामा, मागं घ्या की जरा!"

"मागं घेता येत नाही."

"का? मागं रस्ता मोकळा हाय."

"रस्ता आहे. पण ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना रिव्हर्स टाकायचा नाही, असं पुस्तकात लिहिलंय."

बोळात क्षणभर कोणी काही बोललं नाही. पुस्तकात लिहिलंय म्हणून गाडी मागं न घेणारा माणूस त्या बोळानं प्रथमच बघितला होता. पण मामा बरोबर होते. या पेटीत एक एकाच दिशेनं मोकळा फिरणारा क्लच असतो. पुढं जाताना ओव्हरड्राइव्ह लागला तर तो सुखानं मोकळा फिरतो. गाडी मागं घेतली की तो पकडतो, आणि तिकडं कोन क्लचनं सूर्याला धरून ठेवलेलं असतं. दोघंही सोडत नाहीत, मग मधलं काहीतरी मोडतं. म्हणून कारखान्यानं ठणकावून सांगितलेलं: ओव्हरड्राइव्ह सुटत नसेल तर रिव्हर्स टाकू नका. साताऱ्यात माघार न घेण्याला मान आहे हे खरं, पण तो रणांगणावर. दुधाच्या टेम्पोपुढं नाही.

शेवटी मामांनी इंजिन बंद केलं, इस्त्रीच्या पँटनिशी रस्त्यावर आडवे झाले, गाडीखाली सरकले आणि पकडीनं तार तोडली. तेलाचा दाब उतरायला वेळ लागतो, म्हणून तसेच पडून राहिले. वरून सूचनांचा वर्षाव चालूच होता. म्हैस येऊन मामांच्या पायांचा वास घेऊन गेली. टेम्पोवाला उतरला, गुडघ्यावर बसला, खाली डोकावला आणि आपुलकीनं म्हणाला, "मामा, बॉक्स उतरवावा लागंल."

त्या संध्याकाळी सांगलीहून पाव्हण्यांचा फोन आला. पाव्हणं म्हणजे मामींचे धाकटे भाऊ. हळदीच्या व्यापारात असल्यामुळं त्यांना कुठल्याही मालाची पारख आहे असा त्यांचा स्वतःचा दावा. "दाजी, साताऱ्यात ती गाडी बरी व्हायची न्हाय. तुमच्यात सगळा डोंगराचा इचार. तिला सपाटी दावा, सांगलीला आणा. हितं एक मिस्त्री हायत. बोलत न्हाईत, पण हात बघा!"

मामांना सांगलीचा सल्ला घेणं जड जात होतं. पण मामी माहेरी जायला तयार होऊन बसल्याच होत्या. गाडी निघाली. कराड मागं टाकून पेठ नाक्याला हायवे सोडला, आष्ट्यावरून सांगलीची वाट धरली. जिथं चहाला थांबावं तिथं गर्दी. आमच्याकडं जुन्या गाडीला तीनच प्रश्न विचारले जातात: कोणतं साल, ॲव्हरेज किती, विकायची का. उत्तरं ऐकायला कोणी थांबत नाही. कॉलेजची पोरं फोटो काढून "विषय हार्ड!" म्हणून निघून जात होती. मामांना ही निंदा वाटली. पाव्हण्यांनी नंतर ती स्तुती असल्याचा खुलासा केला. १९२९ सालापासून कृष्णेवर उभ्या असलेल्या आयर्विन पुलावरून गाडी सांगलीत शिरली, तेव्हा पुलाचं वय गाडीपेक्षा जास्त आहे आणि तो बिनतक्रार काम करतोय, हे मामींनी नोंदवून घेतलं.

मिस्त्रींचं वर्कशॉप कुपवाड एमआयडीसीच्या अलीकडं. एक लेथ, एक व्हाइस, भिंतीवर ओळीनं लावलेले पाने आणि खाली एक स्टूल. बॉक्स उतरताना बघायला पाव्हण्यांनी आपले चार मित्र आणून बसवले होते, भडंगाच्या पुड्यासकट.

मिस्त्रींनी पान्याला हात लावला नाही. स्टुलावर बसले आणि विचारलं, "आवाज येतोय?"

"येतो. टक् असा. बारीक."

"लिव्हर कुनी हातानं उचलून बघितला हुता?"

मामांनी तारेची हकिकत सांगितली. म्हशीसकट.

"तारंनं लागत हुता?"

"लागत होता."

"मग बॉक्स शाबूत हाय. पंप शाबूत, झडप शाबूत, पिस्टन शाबूत. घसरत हुता?"

"थोडा."

"तेल कसलं घातलंय?"

मामांनी नव्वद नंबर आणि बाटलीचं सांगितलं. मिस्त्रींनी डोळे मिटून मान हलवली.

एवढ्यात रोगाचं निदान निम्म्याहून जास्त झालं होतं, आणि गाडीला अजून कोणाचा हात लागला नव्हता. पाव्हण्यांचे मित्र चुळबुळ करायला लागले.

मग मिस्त्री गाडीखाली गेले. बरोबर नेला फक्त एक बल्ब, दोन वायरी जोडलेला. एक वायर सोलेनॉइडला येणाऱ्या तारेला, दुसरी स्वच्छ चासीला: बल्ब लख्ख. म्हणजे करंट येतोय. मग एक वायर करंटच्या तारेला तशीच ठेवली आणि दुसरी सोलेनॉइडच्या अंगाला टेकवली: बल्ब मिणमिणता. मिस्त्री तिथंच हसले. करंट येत होता, पण परत जायला वाट नव्हती. या सोलेनॉइडला वायर एकच. परतीचा प्रवास त्याच्या स्वतःच्या अंगातून, बोल्टांतून, पेटीतून. आणि कोणे एके काळी कुठल्याशा गॅरेजात गाडी "नवी" करताना, कोणीतरी हौसेनं सगळी पेटी, बोल्टांच्या बैठकीसकट, जाड चंदेरी रंगानं रंगवून काढली होती. लग्नात मुलीच्या आतेभावानं नारळ रंगवावेत एवढ्या मनापासून.

मिस्त्रींनी दोन बोल्ट काढले. बोल्टाच्या डोक्याखाली चंदेरी रंगाचं बारीक कडं जसंच्या तसं निघालं. ते नखानं उडवलं, पॉलिश पेपरनं बैठक घासली, आतलं ॲल्युमिनियम उघडं पडलं, दात असलेले वायसर घातले, बोल्ट आवळले. बल्ब पुन्हा टेकवला. लख्ख.

"एवढंच?" पाव्हण्यांचा एक मित्र म्हणाला. त्याच्या आवाजात हुंदका होता.

एवढंच नव्हतं. तारेनं आवळल्यामुळं लिव्हर जागचा हलला होता. त्या लिव्हरला एक भोक असतं आणि पेटीच्या अंगावर दुसरं. सोलेनॉइड ओढलेला असताना तीन सोळांश इंचाचा, म्हणजे दीड सुताचा दांडा दोन्ही भोकांतून आरपार गेला, तर झडप बरोबर पाव सूत उचलली जाते. मिस्त्रींनी त्या मापाचा ड्रिल घेतला, मामांना आत बसून खटका दाबायला सांगितलं, लिव्हरचा नट ढिला केला, ड्रिल आरपार घातला आणि नट आवळला. आयुष्यभर गेट किती उचलायचं यावर भांडणं मिटवलेले मामा खिडकीतून वाकून हे बघत होते; पाव सुताच्या गेटानं त्यांचे डोळे पाणावले.

हे सेटिंग केवळ हौसेचं नाही. सोलेनॉइडच्या आत दोन गुंडाळ्या असतात: एक जोर लावून ओढणारी, भरपूर करंट खाणारी, दुसरी नुसती धरून ठेवणारी, मितभोजी. प्लंजर शेवटपर्यंत गेला, की पहिली आपोआप बंद होते. सेटिंग चुकलं, प्लंजर अर्ध्यात अडकला, की पहिली खातच राहते आणि थोड्या वेळात जळते. मग माणूस नवा सोलेनॉइड बसवतो, सेटिंग तेच राहतं, तोही जळतो, आणि गिऱ्हाईक सांगत सुटतं की हल्लीच्या मालात दम नाही.

तेल काढलं. त्या नव्वद नंबरच्या काल्याबरोबर औषधाची बाटलीही गेली. आतली जाळी काढून रॉकेलनं धुतली, तीस नंबरचं तेल भरलं. पेटीला पाना लागला तो एवढाच. बॉक्स जागचा हलला नाही. पाव्हण्यांचे मित्र भडंग संपवून कधी निघून गेले, ते कळलं नाही.

ट्रायल पेठच्या रस्त्यावर घेतली. तिसरा गिअर, काटा साठाच्या पुढं, मामांनी खटका दाबला. क्षणभर काही नाही, आणि मग इंजिनाचा आवाज असा उतरला की मामींनी विचारलं, "बंद पडली का हो?" पळत होती. मागच्या सीटवरून पाव्हणं ओरडले, "बगा! म्हनलं न्हवतं? सपाटी लागतीया तिला!" सांगलीची हवाच गाडीला मानवली, या त्यांच्या सिद्धांताला मामांनी उत्तर दिलं नाही. मिस्त्रींनी पैसे सांगितले ते ऐकून मामांना अपराधी वाटलं, त्यांनी जास्त दिले, मिस्त्रींनी जास्तीचे परत केले आणि म्हणाले, "बल्ब टेकवायचे काय पैसे घ्यायचे?"

मला वाटतं, सगळी गोम इथंच आहे. बल्ब टेकवायचे पैसे मिळत नाहीत, म्हणून बल्ब टेकवणारी माणसं कमी होत चालली आहेत. उतरवायचे मिळतात, म्हणून उतरवणारे वाढलेत. आणि हे फक्त गाड्यांचं नाही, हे तुम्हीही जाणता. गुडघा दुखला की थेट बदला, शाळेत मार्क कमी पडले की शाळा बदला, घरात भिंतीला ओल आली की सगळी गच्ची फोडा. परतीची वाट कुठं रंगाखाली बुजली आहे, हे बघायला कोणी वाकत नाही. ज्यानं विचारायचे चार प्रश्न विचारले, त्याच्या बिलात ते प्रश्न कुठल्या रकान्यात लिहायचे, हेच आपल्याला ठाऊक नाही.

तेव्हा तुमच्याकडं जुनी गाडी असेल तर एवढं करा. आधी तेल बघा: पातळी आणि नंबर, दोन्ही. मग फ्यूज, मग वायर. मग अर्थिंग, आणि ते बघताना रंग खरवडायला लाजू नका. मग लिव्हरचं सेटिंग, दीड सुताच्या ड्रिलनं. ओव्हरड्राइव्ह सुटत नसेल तर रिव्हर्स टाकू नका, मग समोर टेम्पो असो की म्हैस. चार प्रश्न विचारून बरं करणारा मिस्त्री भेटलाच, तर त्याला त्या प्रश्नांचे पैसे हट्टानं द्या. आणि न वाकता, न विचारता कोणी "बॉक्स उतरवावा लागंल" म्हणालं, तर त्याला चहा जरूर पाजा. पाना मात्र हातात देऊ नका.